वाणाच्या डब्यातली चार वर्षं

तुपात तळलेल्या अनारशाचा वास आला की मला आजही मळमळतं. दिवाळीत कुणी ताट पुढं केलं की मी "डॉक्टरांनी गोड बंद केलंय" असं बेधडक खोटं बोलते. खरं कारण सांगून पाहिलंय एकदोनदा. लोक हसतात. कॉम्प्युटरमधली माहिती आणि अनारसे यांचा संबंध काय, असं विचारतात. संबंध नसायलाच हवा होता, पण आमच्या सरांनी तो जोडला.

परभणीहून पिंगळीकडं जाताना रस्त्याच्या कडेला तेव्हा मेंढ्यांवर संशोधन करणारं एक लहानसं केंद्र होतं. आता तिथं प्लॉट पडलेत. बरं झालं. त्या केंद्रात मी पीएच.डी. करत होते आणि केंद्राचे प्रमुख असलेले सर माझे मार्गदर्शक होते. माझे वडील मेंढपाळ, वालूरच्या पुढं माळावर आमची वस्ती. वस्तीतली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं मी जे काही करीन ते एकटीचं राहणार नव्हतं, सगळी वस्ती ते बघत होती.

माझा विषय होता कोकरांची वाढ. कोकरू जन्मलं की कानात बिल्ला मारायचा आणि दर पंधरवड्याला त्याचं वजन घ्यायचं. लिंबाच्या फांदीला ताणकाटा अडकवायचा, लुगड्याच्या झोळीत कोकरू घालायचं आणि ते लाथा झाडायचं थांबलं की आकडा वाचायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडं जितं मेंढरू कुणी तोलत नाही. मोजतसुद्धा नाही. कुणी किती मेंढरं आहेत विचारलं तर माणूस भलतीकडं बघून "हायेत की थोडीबहुत" म्हणतो, कारण मोजलं की नजर लागते. आणि काट्याला लागतं ते कसायाच्या दारातलं मेंढरू. जित्या कोकराला झोळीत टांगायचं म्हणजे त्याचं मरण बोलावून आणायचं, असं आमचे लोक मानत आणि अजूनही मानतात.

तरी माझ्या आबांनी पहिल्या दिवशी स्वतःच्या हातानं स्वतःचं कोकरू झोळीत घातलं. "लेकीचं शिक्षान हाय, गड्यांनो, काय हुईल ते माझ्या डोस्क्यावर," असं म्हणाले. त्यांच्याकडं बघून बाकीच्यांनी आपली कोकरं दिली. दुसऱ्या पावसाळ्यात रोग आला आणि बरीच कोकरं गेली. तो रोग सगळ्या तालुक्यात होता, पण वस्तीत कुजबुज झाली ती काट्याची. बायका माझ्या आईशी बोलेनाशा झाल्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि काटा तसाच फांदीला राहू दिला. अशी चार वर्षं वजनं घेतली. पुन्हा काटा घेऊन जायची सोय नव्हती, कुणी दारात उभं केलं नसतं. माझ्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, ती त्या डिसेंबरात संपत होती. म्हणजे ती वजनं होती तर मी होते. नाहीतर चार वर्षं, आबांची पत आणि सगळंच पाण्यात.

ही वजनं होती केंद्रातल्या कॉम्प्युटरवर. मूळ कागद का नव्हते, हे विचारू नका. विचारताच आहात तर सांगते. वरून कुठलीतरी समिती पाहणीला येणार होती. केंद्र कसं आधुनिक दिसलं पाहिजे म्हणून सरांनी कपाटं रिकामी करवली आणि माझे कागद रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढवले. मी तेव्हा वस्तीवर होते. परत येऊन बोंबलले तर म्हणाले, "अगं, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे ना? आता कागद म्हणजे मागासपणा." समितीनं भजी खाल्ली, कॉम्प्युटरवर हात फिरवला आणि निघून गेली. त्या कॉम्प्युटरमध्ये फ्लॉपी घालायची खाच धुळीनं केव्हाच निकामी झाली होती, ती दुरुस्त करायला मात्र सरांना वर्षभर सवड झाली नाही.

आणि मग केंद्रात लॅपटॉप आला. त्र्याण्णव सालचा पावसाळा होता. परभणीत तोपर्यंत मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता. सरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, त्याच्या टेबलावर त्यांच्या घरचा भरतकामाचा रुमाल आला. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं, माणसाला नव्या वस्तूचं कौतुक असतं. पण मला त्याला हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवावे लागत. फक्त मला. "मेंढरांचा वास येतो गं हाताला, त्या बटणांना लागतो," असं सर सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि सगळे हसायचे. ज्या मेंढरांवर त्यांचं केंद्र चालत होतं, ज्यांच्या जोरावर तो लॅपटॉप मंजूर झाला होता, त्या मेंढरांचा वास. मी हात धुवायची. धुताना दात आवळून धरायची.

जुना कॉम्प्युटर आता घरघरायला लागला होता. मध्येच बंद पडायचा. त्यातली माहिती लवकरात लवकर लॅपटॉपवर न्यायची हे ठरलं. कशी न्यायची, यावर सरांच्या खोलीत चहावर चहा झाले. एक मार्ग असा होता की सगळं छापून घ्यायचं आणि परत टाइप करायचं. पण आमच्या प्रिंटरची रिबन इतकी फिकी झाली होती की तीन आणि आठ सारखेच दिसायचे. दुसरा मार्ग वायरचा. दोन्ही मशीनना जोडणारी एक वायर मिळते, ती लावली की माहिती इकडून तिकडं आपोआप जाते. ही वायर हैदराबादेहून मागवावी लागणार होती आणि यायला आठ-दहा दिवस लागले असते. मी म्हणाले, वायर मागवू. तोवर जुनं मशीन बंद ठेवू, त्याला कुणी हात लावायला नको.

सरांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी बैलगाडीनं जाऊ म्हणाले. "आठ दिवस? जग कुठं चाललंय आणि तू आठ दिवस बसायचं म्हणतेस? जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क काढायची, औरंगाबादला न्यायची. आमच्या जावयांचा कॉम्प्युटर क्लास आहे. त्यांच्या मशीनला डिस्क लावायची, तिकडून छोट्या फ्लॉपींवर घ्यायचं, त्या लॅपटॉपला चालतात. एका दिवसात काम फत्ते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लेखनिक म्हणाला, "सर म्हणजे सर." मला त्या माना डोलावण्याचीच जास्त शिसारी आली. कारण खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की तो अधिक महिना होता. सरांच्या मुलीला दिवस गेलेले, तिला गाडीनं परभणीला आणणं जमत नव्हतं, म्हणून जावयाला धोंड्याचं वाण द्यायला सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, स्वतःच औरंगाबादला जाणार होते. एस.टी.चा भरवसा नव्हता. नामांतराच्या बाजूनं आणि विरोधात कधी कोण रस्ता अडवेल सांगता येत नव्हतं. माझ्या पदवीवर विद्यापीठाचं कोणतं नाव छापून येणार यावर माणसं स्टँडवर हमरीतुमरीवर यायची, आणि पदवी मिळते की नाही ही काळजी मला एकटीला. तेव्हा सरांना जायला केंद्राची जीप पाहिजे होती, आणि जीप काढायला केंद्राचं काम पाहिजे होतं. ते काम म्हणजे मी. सर्वांत जलद मार्ग असा निवडला गेला.

डिस्क निघाली. विटेच्या अर्ध्या तुकड्याएवढी, थंडगार. मी ती स्वच्छ फडक्यात गुंडाळली, पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस भरून त्यात ठेवली, आणि सकाळी सरांच्या घरी नेऊन दिली. सर म्हणाले, "आत दे, सामानात ठेवतील." मी दारातच उभी राहिले, कारण त्या घरात मी दाराच्या आत कधी गेले नव्हते. मला कुणी "ये" म्हटलं नव्हतं.

जीप निघाली. पुढं सर, मध्ये बाई, मागं मी आणि सामान. मानवत मागं पडल्यावर मला खोकं दिसेना. मी पिशव्या चाचपल्या आणि विचारलं, "बाई, डिस्कचं खोकं कुठाय?"

"ते खोकं मावेना गं पिशवीत," बाई म्हणाल्या. "डिस्क मी डब्यात ठेवली. अनारशांच्या मध्ये. मऊ आहेत, धक्का बसायचा नाही."

वाणाचा डबा माझ्या पायांशीच होता. पितळेचा, वरून जरीच्या खणानं बांधलेला. तेहतीस अनारसे, ताजे, तुपात बुडवून काढलेले. आणि त्यांच्यामध्ये माझी डिस्क, जिची खालची बाजू उघडी असते, तिच्यावर बारीक बारीक तारा आणि काड्या असतात. मी म्हणाले, "बाई, तूप लागेल. खण सोडून मी ती काढून घेते. मांडीवर धरून बसते."

"शिवू नकोस!" बाईंचा हात मध्ये आला. मग जरा मऊ आवाजात, "अगं, वाणाचा डबा आहे. जावयाला ओवाळून हातात दिल्याशिवाय उघडायचा नसतो. सोवळ्यात भरलाय. आणि फडक्यात आहे ना ती."

"फडकं सुती आहे. तूप पितं ते."

सर मागं वळून न बघता म्हणाले, "तू फार काळजी करतेस. औरंगाबाद आलंच."

औरंगाबाद आलंच नव्हतं. खड्ड्याखड्ड्यातून जीप उडत होती, ऊन वाढत होतं, पितळ तापत होतं. थोड्या वेळानं खणाच्या कडेला तुपाचा डाग फुटला. मी तो बघितला. पुन्हा बोलले. सरांनी ड्रायव्हरला टेप मोठा करायला सांगितलं. आपली चार वर्षं आपल्या पायाशी तुपात भिजतायत, हाताच्या अंतरावर, आणि आपण ती उचलायची नाही, कारण आपला हात लागला की वाण बाटतं. जालन्यापर्यंत तो डाग तळहाताएवढा झाला. खण ओढून, डबा उघडून, अनारसे रस्त्यावर भिरकावून द्यावेत असं मनात येत होतं, आणि माझ्या प्रबंधावर ज्यांची सही लागणार होती त्यांची मान पुढं गाण्यावर डोलत होती.

जावयाच्या घरी आधी पाय धुणं झालं, मग पाटावर बसवणं, कुंकू, ओवाळणं. मग पुरणाचे धोंडे आणि तूप. मला ओसरीत पान वाढलं. मी ते तसंच ठेवलं. जेवणं झाली, विडे झाले, सर घटकाभर आडवे झाले. मी ओसरीत बसून आतल्या घोरण्याचा आवाज ऐकत होते. लवकरात लवकर होणारं काम असं चाललं होतं.

दुपार कलल्यावर जावई डिस्क घेऊन क्लासमध्ये आले. फडकं पिवळं झालं होतं. डिस्कच्या खालच्या हिरव्या पट्टीवर तूप चमकत होतं, आणि जिथं वायर बसते त्या काड्यांच्या मध्ये खसखस अडकली होती. जावई बिचारा वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा पडला. "मामा, ही अशी लावता येणार नाही. धुवून, वाळवून, मुंबईला कुणाला तरी दाखवली पाहिजे."

"अहो, पुसा आणि लावा," सर म्हणाले. "आम्हाला परत जायचंय."

त्यानं पुसली. रुमालानं, मग टाचणीनं खसखस उकरून. मी म्हणत होते, नको लावू, दादा, नको. त्यानं सासऱ्याकडं बघितलं आणि लावली. बटण दाबल्यावर बारीकसा तड असा आवाज झाला आणि वास सुटला. जळक्या तुपाचा आणि जळक्या प्लास्टिकचा, एकत्र. तो वास माझ्या नाकातून गेलेला नाही.

मग सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "जाऊ दे. अधिकात दान दिलेलं वाया जात नाही. दान समज."

आयुष्यात मला एवढी किळस कुठल्याही वाक्याची आली नाही. मेलेल्या मेंढराच्या अळ्या मी हातानं काढल्यात, पण तेव्हा नाही आली.

परभणीला परतल्यावर दोन दिवस मी केंद्रात गेले नाही. तिसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला, डेटा मिळाला, ये. मी धावत गेले. वाटलं, जावयानं काहीतरी युक्ती केली. सर लॅपटॉपसमोर बसले होते, बशीत उरलेला अनारसा होता, आणि पडद्यावर माझा तक्ता होता. बिल्ल्यांचे नंबर, पंधरवडे आणि वजनं, सगळं भरलेलं.

"कसं मिळालं, सर?"

"मिळायचं काय त्यात? सरासरी माझ्या लक्षात होती. थोडं वर, थोडं खाली, बसवत गेलो. काल दुपारी बसलो, संध्याकाळी चारही वर्षं तयार." ते खुर्चीत मागं रेलले. "लॅपटॉपवर डेटा आणायचा याहून जलद मार्ग कुणी दाखवावा मला. आता लिहायला घे. डिसेंबरच्या आत सबमिट."

हात न धुताच मी तक्ता वर सरकवला. इतकी स्वच्छ वजनं मी कधी घेतली नव्हती. कुठं खाडा नाही, कुठं घट नाही. उन्हाळ्यात माळावर काडी नसते तेव्हा कोकरांची हाडं वर येतात, ती इथं उन्हाळ्यातही गुबगुबीत होत होती. आणि दुसऱ्या पावसाळ्यात एकही मेलं नव्हतं. आबांनी पहिल्या दिवशी झोळीत घातलेलं कोकरू रोगात गेलं होतं, मी आणि आईनं ते बाभळीखाली पुरलं होतं. त्याचा नंबर मला पाठ होता. सरांच्या तक्त्यात ते पुढं अडीच वर्षं चरत होतं आणि दर पंधरवड्याला त्याचं वजन वाढत होतं.

मी सेलूची गाडी धरली, तिथून वालूर आणि पुढं चालत वस्तीवर. आबा मेंढरं वाघुरात घालत होते, म्हणजे रात्रीच्या जाळीच्या कुंपणात. मी सगळं सांगितलं, डबा, तूप, दान, तक्ता. त्यांनी शेवटचं मेंढरू आत घातलं. मग म्हणाले, "मंग ह्ये आकडे घेऊन तू डाक्टरीन हुशील?"

"होईन, आबा. कुणाला कळायचं न्हाई."

"आन् आपलं त्ये कोकरू? त्ये बी हाय म्हनतीस त्यात?"

"हाय. लय जड झालंय. चाळीस किलोला आलंय."

आबा जाळीला धरून उभे राहिले. मला वाटलं चिडतील, शिव्या देतील. पण ते लय शांतपणे म्हणाले, "तुज्यापायी लोकांचं लय आयकून घेतलं म्या, माय. वाईट न्हाई वाटलं, शिक्षानासाठी हुतं. तुज्या त्या सरला म्हनावं, कोकरू जितं हाय तर आनून दे. न्हाई तर मेलंय म्हून लिव्ह."

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभी राहिले आणि हे शब्दाला शब्द सांगितलं. वस्तीवरची भाषा न बदलता, मुद्दाम. मला वाटलं ते ओरडतील, मला हाकलतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, निदान त्यांना काही लागलं असं मी समजले असते. पण सर जराही चिडले नाहीत. उलट त्यांनी चष्मा सारखा केला, लॅपटॉप पुढं ओढला, आणि मदत करणाऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं,

"कोणतं कोकरू म्हणालीस? नंबर सांग, काढून टाकतो. एका मिनिटाचं काम."

मी नंबर सांगितला नाही. डिसेंबरात माझी नोंदणी संपली.